पोरं कॉलेज सोडतात तेव्हा कुणाला सांगत नाहीत

कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये मी २०२४ च्या उन्हाळ्यात 'स्टुडंट सक्सेस कोच' म्हणून लागले. नाव भारी आहे, काम एवढंच की पहिल्या वर्षाला आलेली पोरं मध्येच गायब होऊ नयेत म्हणून त्यांच्या मागे लागायचं. त्याआधी मी साताऱ्याकडे ज्युनियर कॉलेजला अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवायचे, मग लग्न, मग एच-फोर (इथं नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायको-मुलांना मिळणारा व्हिसा), मग वर्क परमिटची वाट बघण्यात गेलेली वर्षं, मधल्या काळात लायब्ररीत फुकट गणित शिकवणं, आणि त्यातून एक मैत्रीण म्हणाली की अगं कॉलेजात अर्धवेळ जागा निघालीये, भर की अर्ज. भरला. पहिलं वर्ष कसं गेलं ते लिहिते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे कॉलेज म्हणजे नक्की काय असतं ते माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते नाक मुरडतात.

तर आधी थोडं ते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. एंट्रन्स नाही, कटऑफ नाही, शाळेत किती मार्क पडले कुणी विचारत नाही, अर्ज केला की घेतलं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजेस आहेत, राज्यात राहणाऱ्याला फी युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर, म्हणजे फुलटाइम १२ युनिट घेतले तर सेमिस्टरचे ५५२ झाले, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर तेही माफ होतात. दोन वर्षं इथं करून यूसी किंवा कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठांत थेट तिसऱ्या वर्षात ट्रान्स्फर घेता येते, नाहीतर नर्सिंग, वेल्डिंग, डेंटल असिस्टंट असं काहीतरी करून नोकरीला लागता येतं. ऐकायला किती छान. पण देशभरातलं बघितलं तर फुलटाइम म्हणून आलेल्या दर दहा जणांतले साधारण चार जण पुढच्या वर्षीच्या फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सेमिस्टरला, त्या कॉलेजात नसतात, आणि पार्टटाइमवाल्यांचं याहून वाईट. आत यायला कुणी अडवत नाही तसं बाहेर जायलाही कुणी अडवत नाही.

मला वाटायचं पोरं सोडतात ती अभ्यास झेपत नाही म्हणून. मास्तरकीची सवय, दुसरं काय सुचणार. प्रत्यक्षात माझ्या यादीतल्या पोरांपैकी निव्वळ अभ्यास जमत नाही म्हणून गेलेली फार थोडी. बाकी सगळी एखाद्या फॉर्मपायी, एखाद्या शिफ्टपायी, बंद पडलेल्या गाडीपायी, न उघडलेल्या ईमेलपायी जातात, आणि जाताना 'मी सोडतोय' असं म्हणत नाहीत. एक आठवडा येत नाहीत, मग दुसरा आठवडा लाज वाटते म्हणून येत नाहीत, आणि तिसऱ्या आठवड्यात तर ते स्वतःच ठरवून टाकतात की आपण कॉलेज मटेरियल नाहीच.

माझं काम जुलैत सुरू झालं, कॉलेज सुरू व्हायच्या आधी. यादी हातात दिली, काहीशे नावं, या सगळ्यांनी अर्ज केलाय पण कुणी क्लास घेतले नाहीत, कुणाचे पैशाचे कागद अडकलेत, फोन करा म्हणाले. केले फोन. अनोळखी नंबर म्हटल्यावर अठरा वर्षांची पोरं फोन उचलत नाहीत हे मला पहिल्या दिवशीच समजलं. ईमेलचं तर विचारूच नका, कॉलेज प्रत्येकाला स्वतःचा ईमेल देतं, सगळ्या महत्त्वाच्या सूचना तिथंच पाठवतं, आणि पोरांनी तो एकदाही उघडलेला नसतो. एका मुलीचं तीन महिन्यांपासून व्हेरिफिकेशनचं पत्र तिथं पडलं होतं, एक सही आणि आईच्या टॅक्सचा एक कागद एवढंच हवं होतं, आणि ती बिचारी घरी बसून समजत होती की आपल्याला ग्रँट नाकारली.

शेवटी मेसेज हाच मार्ग. त्यातही लांबलचक, सभ्य, 'आपल्या शैक्षणिक प्रवासासाठी शुभेच्छा' छाप मेसेजला कुणी उत्तर देत नाही. 'मी कॉलेजमधून. तुझा फाफ्सा एका सहीसाठी अडकलाय. मंगळवारी दुपारी ये, दोघी बसून करू, वीस मिनिटं लागतील' याला लगेच उत्तर. वेळ, जागा, किती मिनिटं आणि सोबत कोण, एवढं त्यात पाहिजे. आमच्या ऑफिसने तयार करून दिलेल्या मजकुरात यातलं काहीच नव्हतं, लोगो मात्र मोठा होता.

आता फाफ्साबद्दल बोलायलाच हवं, कारण ते वर्षच तसलं होतं. फाफ्सा म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, त्यावर पेल ग्रँट मिळते, २०२४-२५ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. हा फॉर्म एरवी १ ऑक्टोबरला उघडतो. त्या वर्षी सोपा करायचा म्हणून नवा बनवला आणि तो उघडला डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी, तोही अधूनमधून बंद पडणारा, आणि कॉलेजांकडे त्याची माहिती पोचायला मार्च आला. वर गंमत म्हणजे ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांचा फॉर्म सुरुवातीचे काही महिने पुढेच सरकत नव्हता. म्हणजे मुलगी अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकन नागरिक, हक्काचे पैसे, आणि केवळ आईकडे कागद नाहीत म्हणून स्क्रीनवर लाल अक्षरं. अशा घरात आधीच सरकारी फॉर्म म्हटला की पोटात गोळा येतो. आई विचारायची, माझं नाव यात का घालायचं? याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी फक्त फॉर्ममध्ये काय विचारलंय ते एकेक ओळ दाखवायचे, आणि आमच्याकडे इमिग्रेशनचं बघणाऱ्या वकिलांची फुकट वेळ मिळते तिथलं नाव लावून द्यायचे. काही आया भरायला तयार झाल्या, काही उठून गेल्या. त्यांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

ऑगस्टच्या शेवटी कॉलेज सुरू झालं. पहिला आठवडा म्हणजे नुसता गोंधळ: वेटलिस्ट, ॲड कोड, पार्किंग, पुस्तकं. एका पोराने दीडशे डॉलरचं पुस्तक विकत घ्यायला लागू नये म्हणून क्लासच सोडला, आणि ते पुस्तक लायब्ररीत रिझर्व्हला ठेवलेलं होतं, दोन तासांसाठी फुकट. ऑनलाइन क्लासचं आणखी वेगळं. तिथं पहिल्या काही दिवसांत कॅन्व्हसवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गांच्या साइटवर, लॉगिन करून काहीतरी, म्हणजे निदान 'मी अमुक, मला तमुक आवडतं' असली ओळख लिहावी लागते. नाही लिहिली की मास्तर नाव काढून टाकतात, कारण सेन्सस डेटच्या आत न आलेल्यांची नावं काढणं त्यांना बंधनकारकच आहे. सेन्सस म्हणजे टर्मचा साधारण पाचवा हिस्सा उलटल्यावरची तारीख, त्या दिवशीची हजेरी सरकार मोजतं, त्यावर कॉलेजचे पैसे ठरतात. आणि पोराचेही पैसे त्याच सुमाराला पक्के होतात. बाराचे नऊ युनिट झाले की पेल ग्रँट तेवढी कमी. एवढ्या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असतो हे अठरा वर्षांच्या पोराला कसं कळणार, मला बुककीपिंग येऊन महिना लागला.

गणिताचं सांगते, कारण त्यात मी स्वतः बसले. पूर्वी इथं आल्या आल्या एक परीक्षा घ्यायचे आणि त्यात कमी पडलं की बेसिक गणित, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, असे क्रेडिट नसलेले वर्ग करत बसायला लागायचं आणि बहुतेक पोरं त्या जिन्यावरच संपायची. २०१७ ला एबी ७०५ नावाचा कायदा आला आणि २०१९ च्या फॉलपासून पोरांना सरळ डिग्रीला धरल्या जाणाऱ्या वर्गात घ्यायला लागले, सोबत जादा तासांचा आधार. माझ्या मते हे शंभर टक्के बरोबर आहे, ज्याला पुढे समाजशास्त्र करायचंय त्याला स्टॅटिस्टिक्सच्या आधी दीड वर्ष अपूर्णांक कशाला? पण तिसऱ्या आठवड्यात स्टँडर्ड डेव्हिएशन आलं की पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात. तेव्हा मी वर्गात मागे बसायचे, आणि तास संपला की कुणीही निघायच्या आत 'होमवर्कचं पहिलं गणित इथंच करून जा' म्हणायचे. पहिलं गणित कॉलेजात झालं की उरलेली घरी होतात. शून्यापासून घरी सुरू करायचं असलं की होत नाहीत. एवढी साधी गोष्ट, पण तिने जेवढी पोरं टिकली तेवढी आमच्या मोटिव्हेशनच्या वर्कशॉपने टिकली असतील असं मला वाटत नाही. त्या वर्कशॉपला पिझ्झा असायचा, त्यामुळे गर्दी मात्र चांगली.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अर्ली अलर्ट येतात. म्हणजे प्राध्यापक सिस्टिममध्ये खूण करतात की हा येत नाही, हिने दोन असाइनमेंट दिल्या नाहीत, वगैरे. खरं तर तिसऱ्या आठवड्यात यायला हवेत, पण इथले निम्म्याहून जास्त शिक्षक तासावर नेमलेले, सकाळी या कॉलेजात, दुपारी चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. त्यांना इथं 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. त्यांना बसायला धड खोली नाही, मुलाला भेटायचं म्हटलं तर गाडीपाशी. त्यातले काही इतके जीव लावणारे की बघत राहावं, पण खुणा करत बसायचे पैसे त्यांना कुणी देत नाही, तर का करतील?

त्या अलर्टच्या यादीतला पहिलाच एक मुलगा, गोदामात रात्रपाळी करणारा. संध्याकाळी सहाला घरून निघायचा, पहाटे साडेचारला परत, आणि नऊला इंग्लिशचा तास. बाप वारलेला, घरभाड्यात याचा वाटा. दोन निबंध राहिले आणि तिसऱ्याच्या वेळी यायचाच बंद झाला. मी मेसेज केला, उत्तर नाही, दुसरा केला, तिसऱ्याला रात्री अडीच वाजता उत्तर, 'आय ॲम गुड, थँक यू'. हे 'आय ॲम गुड' जिथं जिथं आलं तिथं तिथं काहीतरी बिघडलेलं निघालं. मग मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे रात्री अकराला, घरून फोन केला (नवरा म्हणाला, या पगारात रात्रपाळीही करतेस का आता) आणि सगळं बाहेर आलं. सगळं सोडतो म्हणाला, जानेवारीत फ्रेश स्टार्ट.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण पोरांचं नुकसान इथंच होतं. सगळे क्लास एकदम सोडले आणि टर्मचा साठ टक्के काळ झालेला नसला, तर मिळालेल्या सरकारी पैशांतला हिस्सा परत करावा लागतो. नुसतं गायब झालं आणि सगळीकडे एफ पडले तरी कॉलेज तेच समजतं. ते पैसे तर खर्च झालेले असतात, घरभाड्यात. मग खात्यावर बाकी दिसते, बाकी असली की होल्ड, होल्ड असला की रजिस्ट्रेशन होत नाही, आणि दोन वर्षांनी पोरगं हिंमत करून परत येतं तेव्हा खिडकीवर त्याला कळतं की आपण हजारभर डॉलर देणं लागतो. तिथून ते परत फिरतं ते कायमचं.

दुसरी गोष्ट सॅप, म्हणजे मदत चालू राहायला अभ्यासात किती प्रगती हवी त्याचे नियम. सरासरी २.०, आणि घेतलेल्यातले साधारण ६७ टक्के युनिट पूर्ण. मी कागदावर मांडून दाखवलं: तुझे १२ युनिट, तीन युनिटचा एक क्लास डब्ल्यू (विथड्रॉ) घेऊन सोडलास तर ९ उरले, ७५ टक्के, सुखरूप. दोन सोडलेस तर ५० टक्के, वॉर्निंग. चारही सोडलेस तर काय होतं ते वर सांगितलंच. डब्ल्यू म्हणजे काही नापास नव्हे, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घेता येतो, सरासरीत धरत नाहीत. त्याने कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवला. सकाळी नऊचा इंग्लिश सोडायचा का, तर नाही, इंग्लिशच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी उरलेले निबंध उशिरा घ्यायचं कबूल केलं. सोडला तो जिऑलॉजीचा तास, ज्याच्या लॅबला तो एकदाही गेला नव्हता. बाकीचे तीन टिकवले, सी, सी आणि इंग्लिशला बी. या बी चं मला जेवढं कौतुक वाटलं तेवढं बोर्डात आलेल्या मुलांचं वाटलं नव्हतं.

मी स्वतः रयतच्या कॉलेजात शिकलेली. कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका' आमच्या कॉलेजात होती, मुलं बागेत, लायब्ररीत, ऑफिसात तास-दोन तास काम करायची आणि मेसचे पैसे निघायचे. काम कॉलेजच्या आत होतं, त्यामुळे काम करणारा मुलगा उलट कॉलेजला जास्त बांधलेला. इथंही वर्कस्टडी नावाने तेच आहे, कॅम्पसवरचं काम, अभ्यासाच्या वेळा सांभाळून, पण जागा मोजक्या. गोदामवाल्याला मी डिसेंबरात तिथं लावायचा प्रयत्न केला. पगार गोदामापेक्षा कमी आणि तास कमी, त्याने हिशोब केला आणि नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

जेवणाचं राहिलंच. २०२२ पासून राज्यातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असावंच लागतं, तिथं पँट्री असते, तांदूळ, बीन्स, अंडी, साबण, काही ठिकाणी कपडेही. शिवाय कॅलफ्रेश, म्हणजे रेशनसारखी मदत, पण विद्यार्थ्याला ती मिळायची तर आठवड्याला वीस तास काम हवं किंवा वर्कस्टडी किंवा आणखी काही सवलतींत बसायला हवं, तो फॉर्मही सोबत बसून भरावा लागतो. पँट्रीत यायला पोरं लाजतात. मी त्यावर उपाय म्हणून काही भाषण दिलं नाही, माझी भेटीची वेळच पँट्रीतल्या टेबलावर ठेवली. सही घ्यायला आलेला मुलगा जाताना पिशवी घेऊन जायचा, त्यात विशेष काही नाही असं सगळ्यांनीच धरून चालायचं.

आता आपल्या माणसांकडे येते. सप्टेंबरात गणपतीत मंडळाच्या आरतीला एक वहिनी कोपऱ्यात घेऊन गेल्या. ताई, तुम्ही तिथंच ना? आमचा तिथं आहे, पण कुणाला बोलू नका हं. मुलगा आधी मोठ्या यूसीला गेला होता, कॉम्प्युटर सायन्स, पहिल्या वर्षी मोडून परत आला, आणि मंडळात सगळ्यांना सांगितलेलं की रिमोट सेमिस्टर चालू आहे. वहिनींना त्याचे मार्क हवे होते. मी म्हटलं, वहिनी, मला सांगता येत नाही, कायदा आहे, फर्पा म्हणून, १९७४ चा. कॉलेजात नाव घातलं की रेकॉर्ड मुलाचं, त्याने लेखी दिल्याशिवाय मी तुम्हाला तो वर्गात येतो की नाही एवढंसुद्धा सांगू शकत नाही. "अहो, मी आई आहे त्याची! फी मी भरते!" त्यांचा चेहरा असा झाला जणू मी प्रसाद नाकारला. साताऱ्यात असते तर मीच पालकांना बोलावून प्रगतिपुस्तक पुढ्यात टाकलं असतं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे मलाही हा कायदा आगाऊ वाटला. मुलाचं ऐकल्यावर मत बदललं. तो म्हणाला, मी इथं येतो कारण इथलं घरी कळत नाही.

त्याला पैशाची अडचण नव्हती, फाफ्साचा प्रश्नच नव्हता, एच-फोरवरच्या मुलांना ती मदत मिळतच नाही. अडचण ही की तो वर्गात यायचा, सगळं करायचा आणि सबमिटचं बटण दाबायचा नाही. कॅन्व्हसवर पूर्ण केलेली असाइनमेंट ड्राफ्टमध्ये पडलेली, कारण पुरेशी चांगली नाही. अशा मुलाला काउन्सेलर लागतो, कोच नाही. इथं मानसोपचाराच्या काही भेटी फुकट असतात, मी त्याला तिथपर्यंत चालत सोडायला गेले. नुसता नंबर दिला की कुणी जात नाही, हे मी आता डोळे झाकून सांगेन. पुढे त्याने अभ्यासक्रमाच्या काउन्सेलरसोबत बसून एड प्लॅन, म्हणजे कुठले क्लास कधी घ्यायचे तो आराखडा, बदलला आणि स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सेमिस्टरला, एक ऑटोमोटिव्हचा क्लास घेतला, इंजिन उघडायचा. घरी स्वतः सांगितलं. वहिनी त्यानंतर हळदीकुंकवाला मला बोलवायच्या राहिल्या. मुलगा सबमिट करतो आता.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला क्यूनी या न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठातल्या असॅप कार्यक्रमाचं सांगितलं होतं, २००७ ला सुरू झालेला. त्यात फुलटाइम शिकायची अट, बदल्यात उरलेली फी, पुस्तकं, प्रवासाचं मेट्रोकार्ड, आणि मोजकीच मुलं असलेला एकच सल्लागार, वारंवार भेटायचं. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून अभ्यास केला तेव्हा तीन वर्षांत डिग्री पूर्ण करणारे ४० टक्के निघाले, कार्यक्रमात नसलेल्यांत २२. मग ओहायोतल्या तीन कॉलेजांत केलं तिथंही जवळपास दुप्पट. म्हणजे काय केल्यावर पोरं टिकतात हे कुणाला माहीत नाही अशातला भाग नाही. ट्रेनिंग संपल्यावर मी विचारलं, आमच्याकडे सल्लागारामागे मुलं किती? तर उत्तर मिळालं की आपण टेक्नॉलॉजीच्या मदतीने स्केल करतोय. टेक्नॉलॉजी म्हणजे तो लोगोवाला मेसेज.

नोव्हेंबरात स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन उघडतं आणि माझ्या दृष्टीने वर्षाचा खरा कस तिथं. ज्याने थँक्सगिव्हिंगच्या आधी पुढच्या टर्मचे क्लास घेतले तो बहुतेक परत येतो, जो 'जानेवारीत बघू' म्हणतो त्याला ख्रिसमसच्या सीझनचे दुकानातले जादा तास लागतात, मग मॅनेजर म्हणतो असाच राहा, आणि संपलं. म्हणून त्या दिवसांत मी लॅपटॉप घेऊन कॅफेटेरियाच्या दाराशीच बसले. येणाऱ्या प्रत्येकाला, स्प्रिंगचे घेतलेस? नाही? बस. निम्म्यांना होल्ड. एकाला अठ्ठावीस डॉलरचा पार्किंगचा दंड, एकीला ओरिएंटेशनचा व्हिडिओ अर्धवट, एकाला एड प्लॅन नाही म्हणून रजिस्ट्रेशनची तारीखच उशिराची. यातला प्रत्येक होल्ड वेगळ्या खिडकीवर सुटतो, आणि त्या खिडक्या वेगवेगळ्या इमारतींत, आणि दोन ते तीन जेवणाची सुट्टी. मी डीनना लिहून दिलं की ५० डॉलरच्या खालच्या बाकीला होल्ड लावू नका. फाइल फिरतेय असं ऐकते. सरकारी फाइल सगळीकडे सारखीच.

एक मुलगी राहिली सांगायची, ती सहीवाली. ग्रँट मिळाली तिला, फॉल छान गेला, तीन क्लासला ए. आईला इंग्लिश येत नाही, त्यामुळे डॉक्टर, घरमालक, धाकट्याची शाळा सगळीकडे हीच दुभाषी, आणि त्यासाठी तास बुडायचे, पण तिने निभावलं. २०२४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर इमिग्रेशनच्या भीतीने आई घराबाहेर पडायची कमी झाली आणि पुढच्या वर्षीचा फाफ्सा भरायला तयार होईना, मात्र स्प्रिंगचे पैसे जुन्या फॉर्मवर येणार होते, त्यामुळे मी निर्धास्त. नोव्हेंबरात तिने माझ्याच लॅपटॉपवर चार क्लास घेतले. जानेवारीत आईचं मनगट मोडलं, सफाईचं काम थांबलं, आणि हिने एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला फुलटाइम धरलं. पण एवढ्या महिन्यांत एक फरक पडला होता: तिने मला कळवलं. मेसेज केला की मी येऊ शकत नाहीये, काय करू. त्यामुळे क्लास सुरू व्हायच्या आधीच सगळे काढले, डब्ल्यू नाही, एफ नाही, पैसे घेतलेलेच नाहीत तर परत करायचा प्रश्न नाही. रेकॉर्डवर तीन ए तसेच.

ऑफिसच्या तक्त्यात मात्र ती 'गळती'त मोजली गेली आणि गोदामवाला 'टिकला'त, कारण त्याने स्प्रिंगला सहा युनिट घेतले. तक्त्याला दुसरा रकाना नाही.

तिला मी मार्चमध्ये परत मेसेज केला. समरला संध्याकाळचा एक क्लास आहे, तीन युनिटचा, १३८ डॉलर, माफी लागू होईल, फाफ्सा न भरताही माफीचा वेगळा छोटा अर्ज आहे त्यात आईची सही लागत नाही असं बसवता येतं का ते बघते, म्हटलं. फायनान्शियल एडमधल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मुलगी आईवडिलांवर अवलंबून धरली जाते, तेव्हा सही लागेल, पण फॉर्म कॉलेजातच राहतो, केंद्राकडे जात नाही. हे तिच्या आईला समजावून सांगायला स्पॅनिश येणारी आमच्यातलीच एक जण शनिवारी फोन करणार आहे.